डालग्याखाली हात

माझी आई वारली त्या दिवशी दुपारी रेजिनआत्या आमच्या घरी आली. तिच्या डोक्यावर कपड्यांचं गाठोडं होतं आणि काखेत फडक्यात बांधलेली कोंबडी होती. तिने गाठोडं ओटीवर ठेवलं, कोंबडी परसातल्या पेरूला सुतळीने बांधली, हातपाय धुतले आणि मग ती आईजवळ येऊन बसली.

संध्याकाळी दफन झालं. माणसं पांगल्यावर वडिलांनी तिला विचारलं, किती दिवस राहशील. ती म्हणाली, "पोरीची शाळा होईपर्यंत." माझी शाळा झाली, ट्रेनिंग झालं, गावच्याच शाळेत मला नोकरी लागली, तरी ती राहिली. यंदा ईस्टरच्या आधीच्या उपासकाळात ती गेली. तिला न पाहिलेल्या माणसाला ती कशी सांगावी याचा मी तेव्हापासून विचार करते आहे. फार मोठ्या घटना तिच्या आयुष्यात नाहीत. जे आहे ते बहुतेक परसात घडलेलं आहे.

आमचं गाव विरारहून आगाशीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आत, केळीच्या वाड्यांमध्ये. आत्या वडिलांची मोठी बहीण. तिला दिली होती खाडीकडच्या एका भातशेतीच्या गावात. तिथे ती बरीच वर्षं नांदली. मूलबाळ नव्हतं, नवरा गेल्यावर दिरांच्या घरात राहत होती. तिच्या बोलण्यात आमच्या घरच्या बोलीवर त्या गावची बोली चढली होती. ते सगळं जसंच्या तसं लिहिलं तर बाहेरच्या माणसाला अडखळायला होईल, म्हणून तिचे शब्द थोडे सरळ करून लिहिते. पण ती 'पानी'च म्हणायची आणि 'कोन'च म्हणायची, ते तसंच ठेवते. नाहीतर ती मला ऐकूच येणार नाही.

ती कोंबडी परकी नव्हती. आत्याच्या लग्नानंतर माझ्या आजीने तिला आमच्याच परसातली एक तलंग, म्हणजे पहिल्यांदा अंड्यावर येऊ घातलेली तरणी कोंबडी, दिली होती. तिच्या पोटची, मग तिच्या पोटची, असं करत ही आली होती. आमच्या परसातला तो वाण मधल्या काळात संपून गेला होता. राखाडी अंगाच्या, मानेवर पिवळसर झाक असलेल्या, पाय काळे असलेल्या त्या कोंबड्या आईला फार आवडायच्या असं आत्याने मला नंतर कधीतरी सांगितलं. आई गेल्याचा निरोप आला तेव्हा तिने सासरच्या घरातून अंगावरचे कपडे आणि ही कोंबडी यांशिवाय काहीही उचललं नव्हतं.

सकाळी खुराड्याचं दार उघडायच्या आधी ती त्याच्यासमोर उकिडवी बसायची. एक हात दारावर ठेवायची, पण दार लगेच काढायची नाही. आत कुरकुर चाललेली असायची. ती ऐकत असायची की नुसती बसलेली असायची ते मला कळायचं नाही. मग दार उघडायची आणि एकेकीला बाहेर येताना पाहायची. कोंडा नंतर. आधी पाहणं.

पिल्लं निघाली की गावातल्या बायकांचा एकच प्रश्न असतो, यातले कोंबडे किती आणि कोंबड्या किती. कोंबडी अंडी देते, कोंबडा सणाला कापेपर्यंत नुसतं खातो. आमच्या शेजारच्या मार्थाकाकीचं म्हणणं होतं की अंड्याचं टोक निमुळतं असलं की कोंबडा. माझे वडील पिल्लू पाय धरून उलटं टांगायचे, मान वर उचलली तर कोंबडा म्हणायचे. गावात कुणी दोऱ्याला अंगठी बांधून पिल्लावर धरायचे. आत्या या सगळ्यांचं ऐकून घ्यायची. कधी हसली नाही. एकदा काकीला म्हणाली, "असंल तुजं खरं. मी अंड्याच्या आत बघितलेलं नाय."

तिला विचारलं तर तिचं उत्तर ठरलेलं होतं. "अजून त्याला सुद्धा माहीत नाय." पिल्लू लहान असेतो ती एवढंच म्हणायची. मला पुस्तकांची सवय. मी मागे लागायचे की काहीतरी नियम असेल तो सांग. तिने काहीच लपवलं नाही. म्हणाली, तुरा बघ, कुनाचा आधी लाल होतो. पाय बघ, कुनाचे जाड. शेपटी बघ, कोंबडीला लौकर येते, कोंबडा बराच काळ बुडाला उघडा फिरतो. आणि शेवटी पाठीवर, शेपटीच्या जरा अलीकडे, नवी पिसं येतात ती बघ. टोकदार आणि चकचकीत आली की कोंबडा, गोल आली की कोंबडी. तिथे मग वाद नाही. "पन तोवर बघत राहा. ठरवू नको. ठरवलं की डोळा बघायचा थांबतो."

एका वर्षी नाताळला कापायला वडिलांनी एक पिल्लू हेरून ठेवलं होतं. धिप्पाड, जाड पायांचं, तुरा चांगला वर आलेला. वडील रोज त्याच्याकडे बघून मसाल्याच्या गोष्टी करायचे. आत्या म्हणाली, पिसं येऊ दे. वडील म्हणाले, याला पिसं कशाला, हा तर आताच फौजदार दिसतो. नाताळ जवळ आला आणि एका सकाळी त्या फौजदाराने वडिलांच्या देवळात, म्हणजे चर्चला, जायच्या घडी घातलेल्या कोटावर बसून अंडं घातलं. आत्याने ते अंडं उचललं, पदराला पुसलं आणि वडिलांच्या हातावर ठेवलं.  वडिलांनी त्या नाताळात मासे आणले.

त्यानंतर लोक तिला विचारायला येऊ लागले. पण ती कधी चुकली का, याचा हिशेब मी ठेवलेला नाही. मला अचंबा वाटायचा तो वेगळ्या गोष्टीचा, आणि ती गोष्ट गावात मला एकटीलाच माहीत होती.

आमच्याकडे वाट्याने पिल्लं काढायची रीत आहे. एकीची अंडी, दुसरीची अंडी उबवायला खुडूक बसलेली कोंबडी. पिल्लं आईपासून सुटली की निम्मी निम्मी. तेव्हा ती इतकी लहान असतात की नर-मादी धड कळत नाही, आणि दोघींनाही कोंबड्याच हव्या असतात. म्हणून पिल्लांवर डालगं, म्हणजे बांबूचं मोठं टोपलं, उपडं घालायचं. त्यावर पोतं टाकायचं. दोघी समोरासमोर बसणार आणि आळीपाळीने डालग्याखाली हात घालून हाताला लागेल ते पिल्लू काढणार. बघायचं नाही, निवडायचं नाही. मग भांडणही नाही.

आत्या असे वाटे पुष्कळ करायची, पण स्वतः कधी हात घालायची नाही. तिच्या बाजूने मी बसायचे, मी नसले तर वडील, कुणीच नसलं तर रस्त्याने जाणारं माणूस बोलवायची. बायकांनी त्याचा अर्थ लावून टाकला होता. नवरा गेलेली बाई, नव्या जिवाला पहिला हात तिचा नको, असं तिला वाटत असणार. मलाही तसंच वाटायचं, आणि तिची कीव यायची.

मग एका उन्हाळ्यात तिचे डोळे आले. इतके की उघडवत नव्हते. डोळ्यांवर ओलं फडकं बांधून ती ओटीवर भिंतीला टेकून बसली होती. मार्थाकाकीची सून एक पिल्लू घेऊन आली. आत्याची दशा बघून परत निघाली, तेव्हा आत्यानेच हात पुढे केला. पिल्लू तळव्यावर घेतलं. अंगठा त्याच्या पायावरून वरून खाली नेला, मग छातीवर, मग शेपटीच्या मुळाशी जरा वेळ थांबला. पिल्लू तिच्या हातात गप्प झालं होतं. "तलंग होईल," ती म्हणाली. पिसं आल्यावर ते खरं ठरलं.

सून गेल्यावर मी तिच्याजवळ बसून राहिले. मग म्हटलं, "आत्या, म्हणून तू हात घालत नाहीस?"

तिने डोळ्यांवरचं फडकं सारखं केलं. "हाताला कळतं," ती म्हणाली. "मग तो हात घालायचा नाय."

एवढंच. कुणाला सांगू नकोस असंही ती म्हणाली नाही. लोक आपल्याबद्दल काय समजतात हे तिला माहीत होतं. खरं सांगितलं असतं तर तो गैरसमज एका क्षणात गेला असता. पण मग प्रत्येक वाट्याच्या वेळी समोरची बाई तिच्या हाताकडे बघत बसली असती, किंवा आपल्या बाजूने तिनेच बसावं म्हणून गळ घातली असती. त्यापेक्षा तिने तो समज अंगावर राहू दिला. मी तेव्हा ट्रेनिंगला जायच्या तयारीत होते, बरंच काही वाचलेलं होतं. ओटीवर डोळे बांधून बसलेल्या त्या बाईकडे बघताना देवळात वाटतं तसं काहीतरी मला वाटलं. त्याला अजून नीट शब्द सापडलेला नाही.

त्यानंतरच्या पावसाळ्याच्या अखेरीला कोंबड्यांमध्ये मर आली. माना वाकड्या व्हायच्या, पाय ओढायच्या आणि संपायच्या. आधी खालच्या आळीत, मग आमच्याकडे. आत्याने आजारी कोंबड्या वेगळ्या केल्या, हळदीचं पाणी पाजलं, खुराडं चुन्याने पोतारलं. काही उपयोग झाला नाही. चार दिवस ती सकाळी खुराड्यासमोर बसून दारावर हात ठेवायची, आणि आतून येणारा आवाज रोज कमी व्हायचा. पाचव्या दिवशी ती बसली नाही. दार उघडंच ठेवून वाडीत केळीच्या आळ्यांना पाणी लावायला गेली.

गावात आरवणं बंद झालं. पहाटे जाग यायची तर ती शांतता ऐकूनच.

एकच आशा होती. मर येण्याच्या आधी आत्याची अंडी मार्थाकाकीच्या खुडूक कोंबडीखाली वाट्याने बसवलेली होती. मुंगसाच्या भीतीने काकीने ती कोंबडी घरात माळ्यावर ठेवली होती आणि पिल्लं निघाल्यावरही खाली उतरवली नव्हती. त्यामुळे साथ तिच्यापर्यंत पोचली नाही. सहा पिल्लं जगली. आजीच्या परसातून निघून सासरी गेलेला आणि परत आलेला तो वाण आता त्या माळ्यावर होता, आणि त्यातला निम्माच आमचा होता.

वाटा करायचा दिवस ठरला. आमच्या वाट्याला एक तरी कोंबडी यायला हवी होती. नाहीतर आत्याचं सगळं तिथेच संपत होतं. पण वाटा नंतर करू, पिसं येईपर्यंत थांबू, असं म्हणायची सोय नव्हती. पिल्लं सुटली की वाटा, ही रीत. आदल्या दिवशी आत्या तांदळातले खडे निवडत बसली होती. मी तिला म्हटलं, या वेळी तू हात घाल. फक्त या वेळी. एकच तलंग काढ, बाकीचे कोंबडे आले तरी चालतील. तेवढं केलंस तर कुणाचं नुकसान होणार नाही.

तिने सूप खाली ठेवलं. रागावली नव्हती. तिला खरंच माझं नवल वाटलं होतं.

"मर आली म्हनून माजा हात आंधळा झाला का?" ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी काकीच्या अंगणात डालगं उपडं घातलं, वर पोतं टाकलं. एका बाजूला काकी, दुसऱ्या बाजूला मी. आत्या जरा लांब, पायरीवर. काकीला शांत बसवत नाही. ती पहिला हात घालताना म्हणाली, "ये गं माजी रानी, कोंबडा असशील तर तिकडंच बस." तिने एक काढलं. मग मी हात घातला. आत गरम होतं, पिल्लं सरकत होती. एक हाताला लागलं. मी त्याचा पाय बोटांत धरला आणि आत्याचा अंगठा जसा फिरला होता तसा माझा फिरवू लागले. मला काहीच कळलं नाही. तो एक बारीक पाय होता.

पाठीमागून आत्या म्हणाली, "चाचपू नको. येईल ते घे."

माझा फक्त खांदा तिला दिसत होता. मी ते पिल्लू काढलं. मग काकी, मग मी, मग काकी, आणि उरलेलं शेवटचं मी. तिन्ही पिल्लं ओच्यात घेऊन मी पायरीपाशी आले. आत्याने एकेक हातात घेतलं आणि परत माझ्या ओच्यात ठेवलं. मग उठून काकीची तिन्ही बघितली. काकीला म्हणाली, "चांगली आहेत. घारीपासून जप. उघड्यावर सोडू नको."

घरी येताना मी विचारलं, आपली काय आहेत?

"अजून त्यांना सुद्धा माहीत नाय," ती म्हणाली.

हे तिचं नेहमीचंच वाक्य होतं, पण त्या दिवशी त्याचा अर्थ वेगळा होता हे मला तेव्हाच कळलं. तिने ती तिन्ही पिल्लं मन लावून वाढवली. आपल्या ताटातला भात त्यांना घातला. घार दिसली की ती हातातलं काम टाकून धावायची. जी पुढे अंडं देणार नाहीत हे ठाऊक आहे त्यांच्यासाठी कुणी इतकं धावताना मी पाहिलेलं नाही.

यथावकाश पिसं आली. आमच्या तिघांच्याही पाठीवर टोकदार, चकचकीत. काकीच्या तिघींच्या गोल. मग एका पहाटे आमच्यातला एक अडखळत आरवला. बऱ्याच दिवसांनी गावात कोंबडा आरवत होता. लोक घराबाहेर येऊन ऐकत उभे राहिले. वडील आत्याकडे बघत होते. आत्या चूल पेटवत होती.

पुढे काही दिवसांनी मार्थाकाकी पदरात काहीतरी घेऊन आली. तिच्या तलंगीचं पहिलं अंडं होतं. ते आत्याच्या पुढ्यात ठेवून ती बसली. तुझे डोळे आले होते तेव्हाची गोष्ट माझ्या सुनेने आता मला सांगितली, काकी म्हणाली. इतके दिवस सून बोलली नव्हती, तिला त्यात विशेष वाटलं नव्हतं. मला मात्र ऐकल्यापासून झोप नाही.

"त्या दिवशी तुला माहीत होतं?"

"हातात घेतल्यावर कळलं."

"आनि हात घातला असतास तर आधीच कळलं असतं."

आत्या पुढ्यातल्या अंड्याकडे बघत होती.

"मला वाटायचं, तुजा नवरा गेला म्हनून तू हात लावत नाय," काकी म्हणाली. "आनि मी ते चार बायांना सांगितलं पन." मग तिने पदराने नाक पुसलं आणि म्हणाली, माझ्यातली एक घेऊन जा. तुला हवी ती. तूच निवड.

आत्याने अंडं उचलून परत तिच्या पदरात ठेवलं. "वाटा झाला," ती म्हणाली.

काकी उठून गेली. रागावून गेली असं मला वाटलं. थोड्या वेळाने परसात कोयत्याचा आवाज आला. आमच्या आणि काकीच्या परसाच्या मध्ये मेंदीचं दाट कुंपण आहे, दोन्ही घरांच्या आजोबांनी लावलेलं. काकी जमिनीवर बसून त्याच्या बुडाशी कोयता चालवत होती. कोंबडी जाईल एवढं भोक तिने पाडलं, फांद्या ओढून काढल्या आणि पलीकडून आत्याला हाक मारली.

"कोंबड्यांचा वाटा झाला तुजा. कुंपनाचा कुठं झालाय?"

आत्या हसली. आई गेल्यापासून ती तोंड उघडून अशी हसलेली मी पाहिली नव्हती. हसता हसता तिला खाली बसावं लागलं.

काकीच्या कोंबड्या नुसत्या अंडी देत राहिल्या असत्या, गावात दुसरा कोंबडा नव्हता. आमचे कोंबडे नुसते आरवत राहिले असते. त्या भोकातून दोन्हीकडची ये-जा सुरू झाली. काकीची एक राखाडी कोंबडी आमच्या गोठ्यातल्या पेंढ्यात अंडी घालू लागली. आत्याने काकीला बोलावून दाखवलं. काकी म्हणाली, तुझ्याकडे येऊन घालते तर तुझी, मी काय तिला शिकवून पाठवते का. त्या अंड्यांची पिल्लं निघाली तेव्हा ती काळ्या पायांची होती. त्यांच्यातून पुढे साऱ्या आळीत कोंबड्या झाल्या. आज आमच्या गावात काळ्या पायांची राखाडी कोंबडी दिसली तर ती त्या मेंदीतून आलेली आहे.

शेवटच्या दुखण्यात आत्या दारापाशी खाटेवर असायची. बोलणं कमी झालं होतं, नजरही पार अधू झाली होती. उपासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारनंतर काही दिवसांनी एक कोंबडी पिल्लं घेऊन खुराड्यातून निघाली. मी त्यातलं एक आणून तिच्या तळव्यावर ठेवलं. तिने बोटं मिटून घेतली. अंगठा जागचा हलला नाही. मी वाकून विचारलं, "काय आहे, आत्या?"

ती बराच वेळ ते पिल्लू धरून होती.

"मऊ आहे," ती म्हणाली.

तिच्या दफनाला मार्थाकाकी आली ती तिच्या सुनेचा हात धरून. परतताना ती आमच्याकडे पुढच्या दाराने आली नाही. परसात गेली, मेंदीपाशी वाकली आणि भोकाच्या कडेला फुटलेल्या दोन-चार कोवळ्या फांद्या हाताने मोडून टाकल्या.

आता वाटे मी करते. माझ्या हाताला काही कळत नाही, म्हणून डालग्याखाली मी स्वतःच हात घालते. सकाळी खुराड्याचं दार उघडायच्या आधी थोडा वेळ त्याच्यासमोर बसते.

कुंपणातलं भोक आहे. त्यातून कोंबड्या जातात आणि येतात.